शेवटच्या गावाला जाणारी बोट

घरात मुलांचा शाळेचा ॲटलास असेल तर तो काढा आणि अटलांटिक महासागराचे पान उघडा. डाव्या हाताला दक्षिण अमेरिका, उजव्या हाताला आफ्रिका. आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाला केपटाऊन दिसेल. तेथून बोट सरळ डावीकडे सरकवा. निळ्या रंगाशिवाय काही लागणार नाही. अर्ध्याहून थोडे अलीकडे मुंगीच्या डोक्याएवढा एक ठिपका असला तर असेल. पुष्कळ नकाशांत तोही छापलेला नसतो. त्या ठिपक्याचे नाव ट्रिस्टन द कून्हा. माणसांची कायम वस्ती असलेले जगातले सर्वांत दूरचे बेट म्हणून ते ओळखले जाते.

केपटाऊनपासून ते सुमारे २,८०० किलोमीटरवर आहे. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जितके अंतर, त्याच्या दुप्पट. आणि मध्ये एकही स्टेशन नाही. जवळात जवळचे शेजारी म्हणजे सेंट हेलेना बेटावरचे लोक. तेही २,४०० किलोमीटरवर. अशा ठिकाणी अडीचशेच्या आतबाहेर माणसे दोनशे वर्षांहून अधिक काळ संसार करीत आली आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या ओसाड बेटांवर जगात दुसरीकडे कोठेही न सापडणारे पक्षी आहेत. माणसे, बटाटे, उंदीर, तेल, जे काही या बेटांवर आले ते बोटीनेच आले. म्हणून ही हकीकत बोटींचीच आहे.

बोटीचा आठवडा

बेटावर विमानतळ नाही. डोंगराच्या पायथ्याशी पट्टीएवढीच सपाट जमीन असल्यामुळे तो होणेही कठीण. जायचे तर केपटाऊनहून बोटीने. वर्षाकाठी थोड्याच फेऱ्या, त्यातल्या बहुतेक मच्छीमार जहाजांच्या. त्यांतच प्रवाशांना थोड्या जागा मिळतात. तिकीट काढण्याआधी बेटाच्या पंचायतीची परवानगी लागते. तिकडे तिला आयलंड कौन्सिल म्हणतात. कोण येणार, कशासाठी येणार, कोणाच्या घरी उतरणार, हे सगळे आधी कळवावे लागते. बेटावर हॉटेल नाही. पाहुणा कोणाच्या तरी घरीच राहतो.

हवा चांगली असली तर सहा-सात दिवस लागतात. वाटेत डोंगर नाही, जमीन नाही, त्यामुळे पश्चिमेचा वारा मोकाट सुटलेला असतो आणि नव्या माणसाचे पहिले दोन दिवस ओकाऱ्या काढण्यात जातात. पण डेकवर उभे राहण्याइतकी ताकद आली की जे दिसते त्यासाठीच पक्षीवेडे लोक एवढा खर्च आणि हाल सोसतात. जहाजाच्या मागे अल्बाट्रॉस येऊ लागतात. पंख पसरले की मोठ्या जातीच्या अल्बाट्रॉसची लांबी तीन मीटरपर्यंत भरते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत तो पंख उघडून उभा राहिला तर दोन्ही टोके दोन्ही भिंतींना टेकतील. एवढा मोठा पक्षी, पण पंख हलवताना क्वचितच दिसतो. लाटेवरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन तो वर जातो, तिरपा होऊन खाली घसरतो, पुन्हा वर जातो. बॉयलर नाही, कोळसा नाही, डिझेल नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी ढगांत अडकलेला एक काळा डोंगर समुद्रातून सरळ वर आलेला दिसतो. बेट तेच, डोंगरही तोच. ज्वालामुखीचे हे शिखर २,०६२ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याहून चारशे मीटरने अधिक. बेट मात्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बारा किलोमीटर, दादर ते अंधेरीइतकेच.

पोहोचलो म्हणजे उतरलो असे नाही. बंदर इतके लहान की मोठे जहाज आत जात नाही. ते बाहेर नांगर टाकते आणि माणसे, गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, औषधे लहान पडावातून धक्क्यावर आणली जातात. समुद्र खवळलेला असला तर जहाज तसेच उभे राहते. एक दिवस, दोन दिवस, कधी अधिक. लाखो रुपये भरून आलेली पर्यटक जहाजे समोर गाव दिसत असताना पाय न लावता निघून गेल्याचे प्रसंग पुष्कळदा घडले आहेत. आपल्याकडे एस.टी. चुकली तर आपण आगारप्रमुखाशी भांडतो. तिकडे भांडायला कोणी नाही.

वसईचा धागा, मुंबईची पेगी

बेटाचा दगड आपल्या ओळखीचा आहे. कार्ले, भाजे, अजिंठा येथली लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली तोही लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झालेला. ट्रिस्टनचा लाव्हा त्याच जातकुळीचा, पण अगदी कोवळा.

नावाचा धागाही आपल्याकडे येतो. १५०६ साली त्रिश्ताँव द कून्हा हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानकडे येत असता त्याला ही बेटे दिसली. त्याच्याच ताफ्यात अल्बुकर्क होता, ज्याने चार वर्षांनी गोवा जिंकला. कून्हाचा मुलगा नुनो पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला आणि १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली ती त्याच्याच कारकिर्दीत. बापाने बेटावर पाय ठेवला नाही, फक्त नाव ठेवून पुढे गेला.

खरी वस्ती झाली ती पुढे तीनशे वर्षांनी. नेपोलियनला इंग्रजांनी सेंट हेलेनावर कैदेत ठेवले होते. त्याला सोडवायला कोणी ट्रिस्टनचा आडोसा घेईल या भीतीने १८१६ साली तेथे पलटण आणली गेली. वर्षभरातच ती परत बोलावली. तेव्हा विल्यम ग्लास नावाचा स्कॉटलंडचा एक साधा कॉर्पोरल म्हणाला, मी येथेच राहतो. त्याची बायको मारिया केपची होती, मुले लहान होती. आणखी दोघे जण सोबत राहिले. या तिघा पुरुषांनी ७ नोव्हेंबर १८१७ रोजी एक करारनामा केला. त्यात लिहिले ते असे: गुरेढोरे, धान्य, सामान सर्वांचे सामाईक, जो नफा होईल तो समान वाटायचा, खर्चही समान सोसायचा, आणि कोणीही दुसऱ्यापेक्षा स्वतःला वरचढ समजायचे नाही, सगळे सर्व बाबतींत बरोबरीचे.

कोणत्याही पुढाऱ्याने नव्हे, तीन कष्टकरी माणसांनी हा कागद केला. आपल्या वाचकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र करार तिघा पुरुषांमधला आहे हेही सांगितले पाहिजे. चूल, दूध-दुभते आणि मुले सांभाळणाऱ्या मारियाची सही त्यावर नाही. आणि पुढे लोक ग्लासला ‘गव्हर्नर’ म्हणू लागलेच.

चार वर्षांनी, जुलै १८२१ मध्ये, ‘ब्लेन्डन हॉल’ हे इंग्लंडहून मुंबईला निघालेले जहाज शेजारच्या बेटावर आपटून फुटले. त्या बेटाचे नावच इनॲक्सेसिबल, म्हणजे दुर्गम. चहूबाजूंनी सरळ कडे. वाचलेले प्रवासी आणि खलाशी तेथे काही महिने पेंग्विन आणि त्यांची अंडी खाऊन राहिले. आपापसांत भांडणेही झाली. शेवटी फुटक्या जहाजाच्या फळ्यांची होडी करून काही जणांनी ट्रिस्टन गाठले, आणि ग्लासने आपल्या होड्या घेऊन बाकीच्यांना सोडवून आणले.

बहुतेक प्रवासी पुढे केपला गेले. पण पेगी नावाची मोलकरीण आणि तिच्याशी लग्न केलेला व्हाईट नावाचा खलाशी, हे दोघे ट्रिस्टनवरच राहिले. १८२४ साली ऑगस्टस अर्ल नावाचा चित्रकार या बेटावर आठ महिने अडकून पडला होता. पाणी आणि बटाटे घ्यायला थांबलेले त्याचे जहाज त्याला सोडूनच निघून गेले. बेटावरच्या मोजक्या माणसांचे त्याने वर्णन केले आहे, त्यात ही बाई मुंबईची, मिश्र पोर्तुगीज वंशाची असल्याचे लिहिले आहे. मालकिणीची मुले सांभाळत ती आपल्या गावी परत चालली होती. मुंबई राहिली बाजूला आणि जगाच्या टोकावरच्या या वस्तीत ती स्वतःच्या घराची धनीण झाली. तिची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि व्हाईट हे आडनाव आज बेटावर नाही.

१८२७ साली सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि एकट्या पुरुषांचे संसार झाले. पुढे फुटलेल्या जहाजांतून, देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजांतून आणखी माणसे उतरली: एक डच, काही अमेरिकन, १८९२ साली दोन इटालियन. गोरे, काळे, मिश्र, सगळे एकमेकांचे सोयरे झाले. आज बेटावर बोटांवर मोजता येतील एवढीच आडनावे आहेत.

बटाटे आणि भोंगा

गावाचे सरकारी नाव लांबलचक आहे: एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज. बेटावरचे लोक मात्र त्याला नुसते ‘सेटलमेंट’ म्हणतात, म्हणजे वस्ती. गावापासून काही किलोमीटरवर दगडी बांधांनी आखलेली बटाट्याची वावरे आहेत. बटाटा हे तिथले मुख्य अन्न आणि एके काळचे चलनच. १९४६ साली बेटासाठी पोस्टाच्या तिकिटाचा एक नमुना तयार झाला होता. त्यावर किंमत छापली होती एक पेनी, आणि सोबत ‘चार बटाटे’. रोख पगार ही गोष्ट तिथे दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे ठाणे आल्यावर कळली.

आता गावाचे पोट शेवंडीवर चालते. आपल्या कोकणकिनाऱ्याला मिळते त्याच घराण्यातली ही शेवंड परदेशी चढ्या भावाने जाते. मासेमारीला कोणत्या दिवशी जायचे हे समुद्र ठरवतो. पहाटे हवा चांगली दिसली की गावात टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या टाकीवर हातोडा घालतात. त्याला ‘डाँग’ म्हणतात. तो आवाज झाला की पुरुष होड्यांकडे, बाकीचे कारखान्याकडे. ज्यांचे आयुष्य गिरणीच्या भोंग्यावर गेले त्यांना हे सांगून समजावे लागणार नाही. फरक इतकाच, की तिथे भोंगा वाजवणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत सगळे एकमेकांचे मामेभाऊ-चुलतभाऊ असतात.

१८१७ च्या त्या कागदातले सगळे टिकले नाही, पण काही टिकले आहे. जमीन आजही सामाईक आहे. बाहेरचा माणूस ती विकत घेऊ शकत नाही. एका कुटुंबाने गुरे-मेंढ्या किती पाळायच्या याला मर्यादा आहे. एक कारण असे की कुरण मोडू नये, आणि दुसरे असे की सधन घराने संपत्ती जमवीत जाऊ नये. हे दुसरे कारण तिथे उघडपणे सांगितले जाते.

कष्टाला मात्र तोटा नाही. १८८५ च्या नोव्हेंबरात लांबून एक जहाज जाताना दिसले. घरात पीठ-मीठ नव्हते. पंधरा पुरुष होडी वल्हवत सौदा करायला निघाले आणि एकही परत आला नाही. गावात कर्ते पुरुष मोजकेच उरले. त्या काळात जाणारे जहाज म्हणजे दुकान, पोस्ट आणि दवाखाना होता. ते हातचे घालवायचे नसते.

१९६१

ऑगस्ट १९६१ पासून बेट हादरू लागले. आधी थोडे, मग रोज. दारे लागेनात, दगड कोसळू लागले. ऑक्टोबरच्या आठ-नऊ तारखेला गावाच्या अगदी जवळ जमीन फुगून वर येऊ लागली. लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडली, रात्र बटाट्याच्या वावरांकडे काढली. दहा तारखेला तो फुगवटा फुटून लाव्हा बाहेर पडला. त्याच दिवशी होड्या आणि दोन मच्छीमार जहाजे यांतून सगळे गाव नाइटिंगेल नावाच्या शेजारच्या बेटावर गेले. दुसऱ्या दिवशी एका डच जहाजाने त्यांना उचलले. २६४ माणसे. केपटाऊन आणि तेथून थेट इंग्लंड.

इंग्लंडमध्ये त्यांना कॅलशॉट येथील छावणीतल्या घरांत ठेवण्यात आले. वीज, नळ, दुकाने, कारखान्यांत नोकऱ्या, सगळे मिळाले. शिवाय सर्दी-पडसेही मिळाले. दीडशे वर्षे जगापासून दूर राहिलेल्या शरीरांना तिकडच्या साथी सोसेनात आणि पहिल्याच हिवाळ्यात काही वृद्ध दगावले. पत्रकार घराभोवती फिरत होते, डॉक्टर रक्त तपासायला नेत होते. पुष्कळांना वाटत होते की आता ही माणसे येथेच रमतील. कोण परत जाईल त्या खडकावर?

डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झाले. परत जायचे, १४८. राहायचे, ५.

ही हकीकत मी घरी वाचून दाखवीत होतो तेव्हा नात्यातले एक आजोबा बसले होते. त्यांचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले. त्यांनी एवढेच विचारले, “त्यांना परत जायला गाव उरलं होतं ना?” उरले होते. लाव्हाने शेवंडीचा कारखाना गिळला, होड्या लावायचे किनारे बुजवले. पण घरांपाशी येऊन तो समुद्राकडे वळला होता. मागे राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्या मात्र फस्त केल्या होत्या. १९६३ मध्ये बहुतेक लोक परतले. त्यातली काही कुटुंबे तीन वर्षांनी पुन्हा इंग्लंडला गेली, ही गोष्टही लपवण्यासारखी नाही. मुलांचे शिक्षण आणि पगार यांची ओढ कोणाला नसते? जे राहिले त्यांच्यासाठी नवे बंदर १९६७ मध्ये झाले. त्याला नाव दिले कॅलशॉट.

पिवळ्या भुवयांचे पेंग्विन

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले त्यानंतर रविवारी केवढ्या रांगा लागत होत्या ते अनेकांनी पाहिले आहे. ते हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे. ट्रिस्टनचे पेंग्विन वेगळे: गुडघ्याएवढी उंची, लालभडक डोळे आणि भुवयांच्या जागी पिवळ्या पिसांचे लांब झुपके, जणू लग्नातल्या बँडवाल्याचा तुरा. हे चालत कमी, उड्याच मारत खडक चढतात, म्हणून त्यांना रॉकहॉपर म्हणतात. बेटावरचे लोक लाडाने ‘पिनामिन’ म्हणतात. उत्तरेकडच्या या जातीचे बहुतेक सगळे पेंग्विन याच द्वीपसमूहात घरटी करतात. म्हणजे येथे काही घडले तर जात बुडालीच.

घडले. १६ मार्च २०११ रोजी पहाटे ‘ऑलिव्हा’ नावाचे मालवाहू जहाज ब्राझीलहून सिंगापूरला जाताना नाइटिंगेल बेटावर सरळ जाऊन चढले. दोन हजार किलोमीटरपर्यंत मोकळा समुद्र असताना! जहाजावरचे २२ जण सुखरूप वाचले. पण जहाज मोडले आणि सुमारे १,५०० टन इंधन तेल व ६५,००० टन सोयाबीन समुद्रात गेले. बेटांभोवती तेलाची साय धरली. पेंग्विनांची पिसे झडून नवी येण्याचा हंगाम नुकताच संपत आला होता, म्हणजे कित्येक दिवस उपाशी असलेले पक्षी नेमके पाण्यात उतरत होते.

अडीचशे माणसांचे गाव कामाला लागले. केपटाऊनहून तज्ज्ञ आणि औषधे यायला दिवस लागणार होते, तोवर थांबता येत नव्हते. होड्यांनी नाइटिंगेलवर जाऊन तेलाने काळे झालेले पेंग्विन पेट्यांत भरून ट्रिस्टनला आणले. एकूण ३,७०० च्या वर. माणशी पंधरा पेंग्विन! ठेवायचे कोठे? मुलांच्या पोहण्याचा तलाव पेंग्विनांना दिला. पत्र्याच्या शेडमध्ये दिवे लावून त्यांना ऊब दिली. एकेकाला धरायचे, मासळी घशात भरवायची, गरम पाणी आणि साबणाने पिसे धुवायची. चोच बोटाचा लचका तोडते, तरी हे काम बायका-पुरुष-पोरे आठवडेच्या आठवडे करीत राहिली.

त्यातले दहांतला एकच जगला. हा आकडा मी आधी वाचला तेव्हा मला तो चुकीचा छापला असेल असे वाटले होते. तो चुकीचा नाही. तेल पोटात गेलेले, आधीच उपाशी असलेले पक्षी रोज मरत होते आणि लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा उरलेल्यांना भरवायला येत होते. चारशेच्या आत पेंग्विन धुऊन, पोसून पुन्हा समुद्रात सोडले. शिवाय शेवंडीचे पाणी नासल्यामुळे त्या भागातली मासेमारी काही काळ बंद ठेवावी लागली. म्हणजे नुकसान पक्ष्यांचे तसे पोटाचेही.

त्या दिवसांत आणखी एक भीती होती. जहाजावर उंदीर असले तर?

उंदराचा सण

भीती का, ते ट्रिस्टनच्या लोकांना ठाऊक होते. १८८२ साली ‘हेन्री बी. पॉल’ नावाचे जहाज बेटाच्या मागच्या बाजूला लागले आणि त्यातून उंदीर उतरले. ते आजतागायत आहेत. बटाटे खातात, बिळांत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले खातात. ट्रिस्टनवर पूर्वी एक न उडणारी पाणकोंबडी होती. माणसांची शिकार, मांजरे, उंदीर अशा सगळ्यांच्या माऱ्यात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपली. आता वर्षातून एक दिवस गावाला सुट्टी असते: उंदीर मारण्याचा दिवस. टोळ्या करून लोक वावरांकडे जातात, दगडी बांध उपसतात, संध्याकाळी शेपट्या मोजतात. सर्वांत लांब शेपटीला बक्षीस असते.

नाइटिंगेल आणि इनॲक्सेसिबल या दोन बेटांवर मात्र उंदीर कधी पोहोचले नाहीत. ऑलिव्हा फुटल्यावर लगेच किनाऱ्यावर सापळे आणि विषारी आमिषे ठेवली गेली. सुदैवाने एकही उंदीर जमिनीवर आला नाही. नाहीतर इनॲक्सेसिबलच्या रेलचे काही खरे नव्हते.

रेल म्हणजे पाणकोंबडीच्याच कुळातला पक्षी. इनॲक्सेसिबलचा रेल हा जगातला सर्वांत लहान न उडणारा पक्षी आहे. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. आपल्या चिमणीपेक्षा जरासाच जड. सुमारे चौदा चौरस किलोमीटरच्या त्या एका बेटाबाहेर तो जगात कोठेही नाही. माणसाच्या उंचीच्या गवतात बोगद्यासारख्या वाटा करून तो उंदरासारखाच तुरुतुरु पळतो. शास्त्रज्ञांनी २०१८ साली त्याच्या रक्ताचा शोध घेतला तेव्हा कळले, की त्याचे पूर्वज सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेकडून उडत आले होते. येथे शत्रू नव्हता, पळून जायची गरज नव्हती. हळूहळू पंख निकामी झाले. आता परतीचा रस्ता नाही.

उंदीर पोहोचला तर काय होते ते पाहायचे असेल तर आणखी चारशेएक किलोमीटर दक्षिणेला गॉफ बेटावर जावे लागते. तेथे दक्षिण आफ्रिकेच्या हवामान केंद्राची मोजकी माणसे सोडता वस्ती नाही. एकोणिसाव्या शतकात सील मारणाऱ्यांच्या जहाजांतून घरात असतो तो साधा लहान उंदीर तेथे उतरला. हिवाळ्यात खायला काही मिळेना, तेव्हा तो मांसावर गेला आणि पिढ्यांगणिक आकारानेही वाढला.

ट्रिस्टन अल्बाट्रॉस, तोच दहा बाय दहाच्या खोलीएवढ्या पंखांचा, जवळपास फक्त गॉफवर घरटे करतो. जोडी दोन वर्षांत एक अंडे घालते. पिल्लाला वाढवायला आईबाप शेकडो किलोमीटर दूर जाऊन मासळी आणतात. पिल्लू महिनोन्महिने घरट्यावर एकटे बसून असते. दहा किलो वजनापर्यंत पोहोचते. रात्री उंदीर येतात आणि जिवंतपणीच त्याचे मांस कुरतडतात. पिल्लू उठत नाही, चोच मारत नाही. जमिनीवरून चालत येणारा शत्रू त्याच्या जातीने लाखो वर्षांत पाहिलेलाच नाही, त्यामुळे काय करावे हे त्याला कळत नाही. या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी कॅमेरे लावले, तेव्हा कुठे हे कोणाला खरे वाटले. एकट्या गॉफवर दरवर्षी निरनिराळ्या समुद्रपक्ष्यांची सुमारे वीस लाख अंडी आणि पिल्ले अशी जातात असा अंदाज आहे.

२०२१ साली हेलिकॉप्टरमधून सगळ्या बेटावर विषारी दाणे टाकण्यात आले. अनेक वर्षांची तयारी, प्रचंड खर्च. असल्या मोहिमेत शंभर टक्के यश लागते. नव्याण्णव टक्के म्हणजे शून्यच. त्याच वर्षी डिसेंबरात एका कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. आता पुन्हा पहिल्यापासून.

गावाच्या पंचायतीने २०२० साली आपल्या बेटांभोवतीचा सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित केला. त्यातल्या नव्वद टक्के भागात आता मासेमारीच नाही. राखलेल्या पट्ट्यात शेवंड धरतात. अडीचशे माणसांनी महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा समुद्र राखायला घेतला आहे.

इनॲक्सेसिबलवर आजही जाता येते, पण बेटावरचा वाटाड्या सोबत असला तरच, आणि समुद्र शांत असला तर. जाण्याआधी जहाजावरच सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून पाहतात. बुटांचे तळ ब्रशने घासून घेतात, मोज्यांत अडकलेली कुसळे काढतात, कोटाचे खिसे बाहेर ओढून झटकतात. एखादे गवताचे बी राहिले असले तर ते वाटाड्या नखाने उचलून डबीत टाकतो. मग दोरशिडीवरून एकेक करून होडीत उतरायचे.